कायदा मुंबईचा, नकाशा नाशिकचा आणि घर सातपूरचे

व्यापाराच्या पानावर घरांचा विषय कशासाठी, असे काही वाचक विचारतील. उत्तर सोपे आहे. सातपूरच्या कामगाराचा पगार हातात पडला, की पहिला हिस्सा घरमालक घेतो, दुसरा किराणावाला घेतो आणि उरलेच तर आमच्यासारख्या कापडवाल्याकडे काही येते. घरभाडे वाढले, की ईद-दिवाळीच्या खरेदीत तेवढी कपात होते. जिथे तीन जोड घेतले जात तिथे दोनावर भागवले जाते. म्हणजे घराचा भाव वाढला, की दुकानदाराचा गल्ला हलका होतो. शिवाय दुकान कुठे काढता येईल, गोदाम कुठे चालेल, शिलाईची चार मशिने कोणत्या गल्लीत बसवता येतील, हेही त्याच नकाशावर ठरते, ज्या नकाशावर घरांच्या जागा ठरतात.

हा नकाशा कोण ठरवतो? नाशिकची महापालिका, की मुंबईत बसलेले राज्य सरकार? या प्रश्नावर नाशिकमध्ये बरीच वर्षे वाद चालला आहे. राजकारणी मंडळी तो आपापल्या सोयीने मांडतात. आम्ही तो व्यापाऱ्याच्या नजरेने मांडणार आहोत. आमच्या मते कायदा कुणाचा, यावर जितके बोलले जाते तितके त्या कायद्याची वही कुणाच्या हातात आहे आणि ती आम जनतेला पाहायला मिळते की नाही, यावर बोलले जात नाही. फायदा-तोटा मात्र तिथेच ठरतो.

एका सातपूरचे अनेक कारभारी

आधी आपल्या गावाची कुंडली पाहू. महाराष्ट्र औद्योगिक विकास कायदा १९६१ साली झाला आणि १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली. साठच्या दशकातच सातपूरच्या शेतजमिनींवर कारखाने उभे राहू लागले. कारखान्यांमागोमाग कामगार आले, कामगारांमागोमाग दुकाने आली. कामगारनगर, श्रमिकनगर ही वस्त्यांची नावेच सांगतात की हे गाव कुणाच्या घामावर वाढले.

त्या काळी सातपूरला स्वतःची नगरपालिका होती. ७ नोव्हेंबर १९८२ रोजी नाशिक, नाशिकरोड-देवळाली आणि सातपूर या नगरपालिका व आसपासची खेडी एकत्र करून नाशिक महानगरपालिका झाली. तेव्हापासून सातपूर हा महापालिकेचा एक विभाग आहे. जो फैसला पूर्वी गावातल्या कचेरीत होई तो शरणपूर रोडवरच्या राजीव गांधी भवनात होऊ लागला.

पण सगळेच फैसले तिथे होत नाहीत. औद्योगिक वसाहतीतल्या प्लॉटवर काय बांधायचे, याची परवानगी एमआयडीसी देते, कारण तिच्या हद्दीत नियोजनाचे अधिकार तिला आहेत. वसाहतीच्या बाहेर पाऊल टाकले की महापालिकेची नगररचना शाखा. स्वस्त घरांच्या सोडतीचा विषय आला की म्हाडाचे नाशिक मंडळ. आणि या सर्वांच्या वर मंत्रालयातला नगरविकास विभाग. गावात नवा आलेला व्यापारी एका दारावरून दुसऱ्या दारावर फिरत राहतो आणि मधला दलाल आपली दलाली काढून घेतो.

मालकी शेवटी कुणाची?

आता कायद्याकडे येऊ. शहरांच्या नियोजनाचा मुख्य कायदा म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायदा, १९६६. यात विकास आराखडा तयार करण्याचे काम महापालिकेकडे आहे. ती आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध करते, लोकांच्या हरकती व सूचना मागवते, सुनावणी घेते. पण मंजुरी राज्य सरकारची लागते, आणि सरकार त्यात बदलही करू शकते. कलम ३७ खाली मंजूर आराखड्यात फेरबदल होतो. कलम १५४ खाली सरकार नियोजन प्राधिकरणाला निर्देश देऊ शकते. महापालिकांच्या कायद्यात कलम ४५१ आहे, त्याखाली महासभेचा ठराव सरकार निलंबित किंवा रद्द करू शकते.

काही जण ७४ व्या घटनादुरुस्तीचा हवाला देतात. ही दुरुस्ती १ जून १९९३ पासून अमलात आली. तिने घटनेला बारावी अनुसूची जोडली आणि त्या अनुसूचीत पहिलाच विषय नगररचनेचा आहे. मग नगररचना महापालिकेची झाली नाही काय? नीट वाचले तर असे दिसते की हे अधिकार राज्य विधिमंडळ कायद्याने महापालिकेला देऊ शकते, असे घटना म्हणते. दिलेच पाहिजेत असे म्हणत नाही. चावी राज्याकडेच राहिली.

नाशिकमध्ये हे कसे घडले ते पाहा. शहराचा आराखडा १९९३ साली अमलात आला. वीस वर्षांनी सुधारित आराखड्याची वेळ आली. २०१३ च्या सुमारास तयार झालेल्या मसुद्यात शेतकऱ्यांच्या जमिनींवर पडलेल्या आरक्षणांवरून मोठा गदारोळ झाला आणि महासभेने तो मसुदा नाकारला. मग सरकारने आपला अधिकारी नेमून नवा मसुदा करून घेतला. तो मे २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला आणि जानेवारी २०१७ मध्ये सरकारने आराखड्याला मंजुरी दिली. पुढे डिसेंबर २०२० मध्ये सरकारने मुंबई व काही ठरावीक क्षेत्रे सोडून जवळजवळ साऱ्या महाराष्ट्रासाठी एकच नियमावली आणली. तिला एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली म्हणतात. काही शहरांसाठी तिच्यात वेगळी कलमे जोडली आहेत, पण मूळ चौकट एकच. कपड्यांच्या धंद्यात ज्याला आपण फ्री साइज म्हणतो तसा हा प्रकार आहे. एकच माप सगळ्यांना चढते, पण कुणाच्या बाह्या लांब होतात तर कुणाला छातीत आवळते.

वीस टक्क्यांचा नियम

या साऱ्या नियमांत गरीब आणि मध्यम माणसाच्या कामाचा एक नियम आहे. तो नोव्हेंबर २०१३ मध्ये सरकारने काढला आणि पुढे एकत्रिकृत नियमावलीतही आला. दहा लाख किंवा त्याहून जास्त वस्तीच्या महापालिका हद्दीत ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जागेवर निवासी लेआउट अथवा गृहप्रकल्प करायचा असेल, तर २० टक्के हिस्सा दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटासाठी ठेवला पाहिजे. लेआउट असेल तर लहान प्लॉट, इमारत असेल तर ३० ते ५० चौरस मीटरची घरे. ही घरे बिल्डरने आपल्या मर्जीने विकायची नाहीत. म्हाडाने सोडत काढायची आणि ज्याचे नाव निघेल त्याला घर मिळायचे. भाव बांधकाम खर्चाच्या सरकारी दराला बांधलेला. २०११ च्या जनगणनेत नाशिकची वस्ती १४ लाख ८६ हजार होती, म्हणून हा नियम नाशिकला लागू आहे.

ढोबळ हिशेब करू. जागा ५,००० चौरस मीटरची धरा. बिगर दाटवस्तीच्या भागात मूळ चटई क्षेत्र निर्देशांक, म्हणजे एफएसआय, १.१० आहे. म्हणजे मूळ बांधकाम ५,५०० चौरस मीटर. त्याचे २० टक्के म्हणजे १,१०० चौरस मीटर. ५० मीटरची घरे काढली तर २२ होतात, ३० मीटरची काढली तर ३६. एका प्रकल्पातून दोन-तीन डझन कुटुंबांना हक्काचे छप्पर मिळते. शहरात असे किती प्रकल्प गेल्या दशकात उभे राहिले ते मोजायला गेले तर या नियमाचे वजन कळते.

आता दुसरा हिशेब पाहा. जागा ३,९९० चौरस मीटरची आहे. घरे किती? शून्य. नियम ४,००० च्या खाली लागूच नाही. फरक दहा चौरस मीटरचा, म्हणजे एखाद्या कटपीसवाल्याच्या गाळ्याएवढा. तेवढ्या गाळ्यासाठी १७ ते २९ घरे कागदावरून पुसली जातात. सुरतेहून माल मागवणाऱ्या आपल्या व्यापारी बांधवांना ही युक्ती समजावून सांगायला नको. परराज्यातून ५० हजारांच्या वरचा माल आला की ई-वे बिल लागते, म्हणून एकाच गाठीची ४९-४९ हजारांची दोन बिले फाडणारे लोक बाजारात आहेतच. जिथे नियमाला रेघ असते तिथे रेघेच्या अलीकडे गर्दी होते. जमिनीचे तुकडे करून प्रत्येक तुकडा रेघेखाली ठेवायची पळवाट म्हणूनच उघडी राहते.

२०२२ साली हे प्रकरण नाशिकमध्ये फार गाजले. तेव्हाचे गृहनिर्माण मंत्री जितेंद्र आव्हाड यांनी जानेवारीत जाहीर आरोप केला, की नाशिकमध्ये वीस टक्क्यांतली घरे व प्लॉट म्हाडाकडे आलेच नाहीत आणि यात शेकडो कोटींचा गैरव्यवहार आहे. मार्चमध्ये विधान परिषदेत हा विषय निघाला आणि पालिका आयुक्तांची बदली झाली. आरोप म्हणजे सिद्ध झालेला गुन्हा नव्हे, हे आम्हीही मानतो. पण एक गोष्ट त्या प्रकरणाने उघड केली. नियम नोव्हेंबर २०१३ चा आणि त्याच्या अंमलाचा हिशेब विचारला गेला २०२२ मध्ये. मधली आठ वर्षे ती वही कुणी पाहिली? नियम करणारे मुंबईत होते, दाखले देणारे नाशिकमध्ये होते आणि ज्यांच्यासाठी नियम केला ते सातपूर, अंबड, वडाळा इथे भाड्याच्या खोल्यांत होते. त्यांच्यापर्यंत या नियमाची खबरच आली नव्हती.

त्या गाजावाजानंतर म्हाडाच्या नाशिक मंडळाने वीस टक्के योजनेतल्या घरांच्या सोडती काढल्या आहेत. म्हणजे नियम चालू शकतो. कुणीतरी वही उघडून बसावे लागते.

दोन्ही बाजूंचे म्हणणे

व्यापाऱ्याने एकाच बाजूचे ऐकून सौदा करू नये. म्हणून महापालिकेचे म्हणणेही ऐकू. पालिकेचा माणूस म्हणतो, मुंबईहून एफएसआय वाढवून येतो, पण वाढलेल्या मजल्यांना पाणी गंगापूर धरणातून आम्हीच पोहोचवायचे, गटार आम्हीच टाकायचे, कचरा आम्हीच उचलायचा. रस्ता नऊ मीटरचाच राहतो आणि त्यावर दुप्पट गाड्या येतात. हे म्हणणे खोटे नाही. सातपूर कॉलनीत किंवा अशोकनगरच्या रस्त्यावर संध्याकाळी हातगाडी लावणाऱ्याला ते अनुभवाने माहीत आहे. कोणत्या गल्लीत किती भार पेलेल, हे इथल्या माणसालाच कळते.

बिल्डरचेही म्हणणे आहे. तो म्हणतो, जमीन मी बाजारभावाने घेतली, मग वीस टक्के घरे सरकारी दराने दिली तर तोटा उरलेल्या गिऱ्हाइकांच्या माथी मारावा लागतो. यातही तथ्य आहे. पण जमीन घेतानाच हा नियम ठाऊक असेल आणि तो सर्वांना सारखा लागू असेल, तर जमिनीचा भावच तितका खाली ठरतो. नियम काहींना लागतो आणि काही निसटतात, तेव्हा इमानदारीने धंदा करणारा बिल्डर मार खातो. कापडाच्या बाजारात बिलाने विकणारा आणि बिनबिलाने विकणारा शेजारी शेजारी बसले की काय होते, ते आपण रोज पाहतो.

आणि सरकारचे म्हणणे असे, की सगळे स्थानिक लोकांवर सोडले तर स्वस्त घरे कुणाच्याच वॉर्डात होणार नाहीत. प्रत्येक जण म्हणेल, घरे हवीत, पण शेजारच्या वॉर्डात. शहरात राहायला जागा मिळालेले लोक मतदार असतात, न मिळालेले लोक अजून मतदार यादीतही नसतात. त्यांच्या वतीने कुणीतरी वरून बोलावे लागते. २० मे २०२५ रोजी राज्य मंत्रिमंडळाने नवे गृहनिर्माण धोरण मंजूर केले. त्यात २०३० पर्यंत ३५ लाख घरांचे उद्दिष्ट आहे आणि कामाच्या ठिकाणाजवळ घरे असावीत यावर भर आहे. सातपूरसारख्या कारखान्यांच्या गावाला यातून खूप काही मिळू शकते. मिळेल की नाही, ते पुन्हा इथल्या वहीवर अवलंबून आहे.

हा झगडा आपल्याकडेच आहे असे नाही. अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात माउंट लॉरेल नावाच्या गावाने जमीनवापराचे नियम असे केले होते, की गरिबांना, विशेषतः तिथे पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्या काळ्या कुटुंबांना, घर बांधणे जमूच नये. १९७५ साली त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की प्रत्येक गावाने आपल्या वाट्याची स्वस्त घरे होऊ दिली पाहिजेत. याच्या उलट उदाहरण कॅलिफोर्नियाचे. तिथे २०२१ साली राज्याने कायदा करून एका बंगल्याच्या प्लॉटवर चारपर्यंत घरांची मुभा दिली. शहरे कोर्टात गेली. एप्रिल २०२४ मध्ये लॉस एंजेलिसच्या न्यायालयाने पाच शहरांच्या बाजूने निकाल देताना म्हटले, की परवडणाऱ्या घरांचे नाव घेऊन कायदा केला, पण घरे परवडणाऱ्या भावातच मिळतील अशी सोय त्यात नाही. त्याच वर्षी तिथल्या विधिमंडळाला कायदा दुरुस्त करावा लागला. पहिल्या प्रकरणात गाव चुकले, दुसऱ्यात राज्याचा कायदा अपुरा ठरला. आपल्याकडच्या वीस टक्क्यांच्या नियमात भाव बांधलेला आहे आणि सोडतही आहे. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात जे नव्हते ते इथे आहे. म्हणून तो हातचा जाऊ देऊ नये.

आपल्या समाजाचा हिशेब

आता आपल्या वाचकांच्या घरात डोकावू. चांगल्या सोसायटीत फ्लॅट पाहायला जावे, भाव ठरत यावा आणि नाव सांगितल्यावर ‘कालच बुक झाला’ असे ऐकावे, हा अनुभव ज्यांना आला नाही असे वाचक थोडेच असतील. पैसे खिशात असूनही जागा मिळत नाही, म्हणून लोक मोहल्ल्यातच दाटीवाटीने राहतात आणि तिथला भाव आणखी चढतो. सोडतीतल्या घराचे मोल इथे कळते. यंत्रातून नाव निघते तेव्हा ते यंत्र धर्म, मोहल्ला विचारत नाही. अर्ज बरोबर आहे काय आणि उत्पन्न मर्यादेत आहे काय, हे पाहिले जाते. शिवाय भाव बांधलेला असल्याने कर्जाचा बोजा कमी. ज्यांना सुदाच्या कर्जापासून दूर राहायचे आहे त्यांना भिशी, नातेवाईक आणि गाठीची बचत मिळून रक्कम उभी करण्याची निदान आशा तरी राहते.

पण या नियमाची कुंपणेही लक्षात घ्या. तो मुळात दहा लाख वस्तीच्या महापालिकांसाठी काढला गेला. आपल्याच जिल्ह्यातल्या मालेगावची वस्ती २०११ मध्ये ४ लाख ८१ हजार होती. म्हणजे जिथे माग आणि बिछाना एकाच छपराखाली आहेत, जिथे घरांची सर्वांत जास्त निकड आहे, ते यंत्रमागाचे गाव या नियमाबाहेर. मुंबईत बसून रेघ ओढली की असे होते. मालेगावसाठी ४,००० ऐवजी दुसरे माप लागेल, यंत्रमागासह घराचा विचार लागेल. तो स्थानिक माणसाने मांडला पाहिजे आणि राज्याने ऐकला पाहिजे.

दुसरी गोष्ट व्यापाराच्या जागेची. अंबड-सातपूर लिंक रोडवरचा भंगार बाजार आपल्या अनेक बांधवांच्या रोजीचा आधार होता. उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर महापालिकेने जानेवारी २०१७ मध्ये मोठ्या पोलिस बंदोबस्तात तो हटवला. शहराच्या सुधारित आराखड्याला मंजुरी मिळाली तीही त्याच महिन्यात. वर्षानुवर्षे चाललेला धंदा नकाशावर नसेल तर तो कायद्याच्या नजरेत अतिक्रमणच असतो, मग त्यातून कितीही घरे चालत असोत. कारखान्यांच्या गावात भंगार निघणारच, ते विकत घेणारेही असणारच. त्यांच्यासाठी जागा राखून ठेवण्याची मागणी करायची वेळ आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध होतो तेव्हाची, बुलडोझर दारात उभा राहतो तेव्हाची नव्हे. हरकती-सूचनांसाठी साधारण महिन्याची मुदत मिळते. वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात बारीक टायपात नोटीस येते आणि महिना निघून जातो. ज्यांचे वकील आहेत, आर्किटेक्ट आहेत, त्यांच्या सूचना वेळेवर पोहोचतात.

काय करता येईल

तक्रार करून थांबणे व्यापाऱ्याला परवडत नाही. म्हणून काही गोष्टी स्पष्ट मांडतो.

महापालिकेकडे मागणी अशी, की नोव्हेंबर २०१३ पासून ४,००० चौरस मीटर व त्यावरील प्रत्येक मंजूर प्रकल्पाची यादी विभागवार फलकावर लावावी. सर्व्हे नंबर, क्षेत्र, वीस टक्क्यांत किती घरे किंवा प्लॉट, म्हाडाला कोणत्या तारखेला कळवले, सोडत झाली की नाही, एवढे पाच रकाने पुरे. बांधकाम पूर्णत्वाचा दाखला पालिकाच देते, तेव्हा नियम पाळून घेण्याचे सर्वांत मोठे हत्यार तिच्याच हातात आहे. फलक लागला तर ते हत्यार गंजणार नाही.

राज्य सरकारकडे मागणी अशी, की जमिनीचे तुकडे पाडून रेघ चुकवण्याची वाट बंद करावी. तुकड्याचे क्षेत्र न पाहता २०१३ साली सातबाऱ्यावर असलेले मूळ क्षेत्र पाहावे. मूळ गट चार हजारांच्या वर असेल तर त्यातल्या प्रत्येक तुकड्यावर त्याच्या वाट्याची घरे येऊ द्यावीत. ताग्यातून कितीही तुकडे कापले तरी साठ्याच्या वहीत मूळ ताग्याचे मीटर लिहिलेले असतात, तसाच हा हिशेब. आणि दहा लाखांची अट मालेगावसारख्या शहरांसाठी सैल करावी. मात्र तिथले माप तिथल्या लोकांशी बोलून ठरवावे.

आपल्या बांधवांसाठी दोन-तीन कामे आहेत. म्हाडाच्या सोडतीला अर्ज करायचा तर कागद आधी तयार हवेत. अधिवास प्रमाणपत्र, आधार, पॅन, उत्पन्नाचा दाखला किंवा आयकर विवरण. अनेक लहान दुकानदार आणि कारागीर कागदावर उत्पन्न दाखवतच नाहीत आणि मग अर्जाच्या वेळी धावपळ होते. नावाच्या स्पेलिंगमध्ये उर्दू शाळेच्या दाखल्यावर एक, रेशन कार्डावर दुसरे आणि आधारवर तिसरे, असा गोंधळ आपल्यात फार असतो. तो आजच निस्तरावा, जाहिरात निघाल्यावर वेळ मिळत नाही.

दुकान, गोदाम किंवा प्लॉट घेण्याआधी नगररचना शाखेतून झोन दाखला आणि भाग नकाशा काढावा. जागा कोणत्या झोनमध्ये आहे, तिच्यावर आरक्षण आहे काय, समोरचा रस्ता आराखड्यात किती मीटरचा आहे, हे पाहूनच बयाणा द्यावा. दलालाने दाखवलेल्या झेरॉक्सवर विश्वास ठेवू नये. जागा औद्योगिक वसाहतीच्या हद्दीत असेल तर चौकशी एमआयडीसीच्या कार्यालयात करावी. घर घेताना पूर्णत्वाचा दाखला पाहावा. नाशिकमध्ये कपाटांच्या क्षेत्रावरून अनेक इमारतींचे दाखले अडकले होते आणि पूर्ण पैसे भरलेली कुटुंबे वर्षानुवर्षे बिनदाखल्याच्या घरात राहिली, हे विसरू नये.

तिसरे काम माहितीच्या अधिकाराचे. २००५ च्या कायद्याने दहा रुपयांच्या अर्जावर वर सांगितलेली यादी कोणत्याही नागरिकाला मागता येते आणि तीस दिवसांत उत्तर मिळायला हवे. व्यापारी संघटनेने किंवा मशिदीच्या जमातीने दरवर्षी एक असा अर्ज करण्याचा रिवाज पाडला, तर वकिलाची फीसुद्धा लागणार नाही.

नाशिकच्या महासभेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर कित्येक वर्षे कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. त्या काळात स्थानिक नियंत्रण हा शब्द वापरावा तरी कसा, कारण नगरसेवकच नव्हते आणि प्रशासक सरकारने नेमलेला. तेव्हा पालिका विरुद्ध राज्य हा वाद ज्यांना घालायचा त्यांनी खुशाल घालावा. सातपूरच्या यंत्रावर रात्रपाळी करणाऱ्याला घराची चावी मुंबईच्या कायद्याने मिळो की नाशिकच्या ठरावाने, त्याला सारखीच. मापतोलात कसर करू नये, ही आपल्या दीनची शिकवण आपण दुकानात पाळतो. जमिनीच्या मापातही ती पाळली जाते की नाही, हे पाहण्याचा हक्क आपल्याला आहे. पुढच्या वेळी हरकती-सूचनांची नोटीस येईल, तेव्हा सातपूरच्या बाजारपेठेतून निदान शंभर अर्ज राजीव गांधी भवनात पोहोचावेत, एवढी आमची आपल्या व्यापारी बांधवांना विनंती आहे.